दह्याची भिंत

"दार उघडता येणार नाही," आतून आवाज आला. "मशीन आडवं आलंय."

मी ड्रिल, वायरचं वेटोळं आणि अवजारांची पिशवी घेऊन बाहेर उभा होतो. वॉशिंग मशीन न्हाणीघरातून काढून बाल्कनीत न्यायचं आणि तिथे त्याला वीज द्यायची, एवढंच काम मला फोनवर सांगितलं गेलं होतं. घरमालकाची सुटका करायची आहे हे त्यात नव्हतं.

मी विचारलं, मशीन जरा मागे सरकवता येईल का. उत्तर आलं, की मागे बुटांचं कपाट आहे, कपाटामागे भिंत आहे आणि भिंतीमागे कूना राहते.

म्हणून मी कूनाची बेल वाजवली.

कूनामावशी ऐसपैस बाई. हात कोपरापर्यंत लाल. आमच्या रूसे शहरात सप्टेंबर महिन्यात ज्याचे हात लाल नसतात तो एक तर परगावचा असतो, नाही तर त्याची बायको त्याच्याशी बोलत नसते. प्रत्येक बाल्कनीत मडक्याएवढी विजेची भट्टी तापलेली असते. तिच्यात जाड लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, बरण्यांत भरायच्या आणि मग हिवाळाभर शेजाऱ्यांच्या बरण्यांना नावं ठेवायची. मी कोण, कुठला, हे मावशीनं विचारलंच नाही. "मिन्कोकडं ना? बूट काढ," एवढंच म्हणाली. मी बूट काढून तिच्या घरातून बाल्कनीत गेलो, तिथे बूट पुन्हा घातले आणि कठड्यावर चढलो. शेजारची बाल्कनी काचांनी बंद केलेली होती. त्या काचा भंगारात निघालेल्या ट्रॉलीबसच्या होत्या. मी जी सरकवून आत शिरणार होतो तिच्यावर अजून लिहिलेलं होतं: आणीबाणीत फोडा.

मावशीनं एका हातानं माझा पट्टा धरला होता. दुसऱ्या हातात भाजलेली मिरची होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

"खाली बघू नकोस," ती म्हणाली. "बघण्यासारखं काही नाहीये."

पलीकडे, घराच्या अरुंद बोळात, मिन्कोकाका वॉशिंग मशीनवर बसले होते. शेवटचा थांबा आला तरी उतरायचं नाही असं ठरवलेल्या प्रवाशासारखे. अंगानं बारीक, मिशी पिवळी पडलेली. जन्मभर ट्रॉलीबस चालवली, डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन धावणारी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी बसले की उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा पुढे असायचा.

"सेव्दानं पाठवलेला मिस्त्री तू?"

मी हो म्हणालो.

"नाव?"

"ओग्न्यान."

आमच्या भाषेत या नावात आग आहे. गिऱ्हाइकांना ते फारसं आवडत नाही.

"वायरमनचं नाव आग," काका म्हणाले. "नळवाल्याचं पूर असेल."

मशीन सोडवता सोडवता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची बायको योन्का बाजारातून मिरच्यांची पेटी आणताना पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसला, आणि उद्या दुपारी तिला सोडणार होते, चार पायांच्या वॉकरसकट. अडचण न्हाणीघराची होती. आमच्या इमारतींमधलं न्हाणीघर म्हणजे मोठं कपाटच, फक्त त्यात नळ असतो. त्यातली निम्मी जागा वॉशिंग मशीननं खाल्लेली. आजवर योन्का तिरकी होऊन आत जायची. वॉकर तिरका होत नाही.

मुलगी सेव्दा स्पेनमध्ये, व्हालेन्सियाच्या एका हॉटेलात कामाला. तिनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं: मशीन बाहेर निघालं पाहिजे आणि परवाना असलेल्या माणसानं वायरिंग बघून धोका नाही असं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. नाही तर आई इस्पितळातून थेट विमानात बसेल, चार महिन्यांसाठी. तिकीट काढून झालं होतं.

"एकच काढलंय," काका म्हणाले.

मी म्हणालो, चार महिन्यांत बऱ्या होऊन परत येतील.

"समोरच्या जिन्यातला रादोय असाच चार महिन्यांसाठी गेला, नातू बघायला. आता तिकडच्या कबुतरांचे फोटो पाठवतो."

बुटांच्या कपाटाचं दार काढल्यावर मशीन सुटलं. आम्ही ते फडक्यावर ओढत बाल्कनीत नेलं. काकांनी लगेच भिंतीतलं सॉकेट दाखवलं. मिरच्यांच्या भट्टीसाठी त्यांनी स्वतःच बसवलेलं होतं. त्यांचा बेत सोपा होता: प्लग इथे लावायचा, सेव्दाला फोन करायचा, माझी संध्याकाळ मोकळी.

मी सॉकेट उघडलं.

आता हे थोडं सांगायला हवं. चांगल्या घरात तीन वायरी असतात. एक वीज आणते, दुसरी ती परत नेते आणि तिसरी काहीच करत नाही. ती वाईट दिवसाची वाट बघत बसते; कधी मशीनच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती जमिनीत नेऊन सोडायची एवढंच तिचं काम. आमच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा वाईट दिवस येणार नाहीत असं सरकारी धोरण होतं, त्यामुळे तिसरी वायर कुणी घातलीच नाही. पुढे मशिनं आली, त्यांच्या प्लगांना तिसरीची जागा होती. मग शहरभर एकच युक्ती झाली: सॉकेटच्या आत बोटभर वायरीचा तुकडा घ्यायचा आणि तिसरीच्या जागेची गाठ दुसरीशी मारून टाकायची. काकांच्या सॉकेटातही तो तुकडा होता. फार नेटका वाकवलेला होता, हे कबूल करायला पाहिजे.

"हे अर्थिंग," काका म्हणाले.

"हे न्यूट्रलच आहे, काका. अर्थिंगची टोपी घालून बसलंय."

मी समजावलं, की दुसरी वायर शाबूत आहे तोवर सगळं ठीक. पण या भिंतींमधल्या वायरी ॲल्युमिनियमच्या, चार वेळा वाकवल्या की मोडणाऱ्या. दुसरी कुठे तुटली, की परत निघालेली वीज त्या तुकड्यावरून मशीनच्या पत्र्यात येऊन थांबते. मग ओल्या हातानं कुणी मशीनचं दार उघडायला गेलं, की... इथे मी थांबलो, कारण उद्या ते दार उघडणारी एकच बाई होती आणि आम्हा दोघांनाही तिचं नाव माहीत होतं.

काकांना राग आला. त्यांच्या डोक्यावरून सहाशे व्होल्ट गेलेत, पावसात, बर्फात, भरलेली बस घेऊन. दोनशेवीसची शिकवण त्यांना माझ्याकडून नको होती. शिवाय हा तुकडा त्यांनी या जिन्यातल्या प्रत्येक घरात घातला होता, तळमजल्यापासून आठव्यापर्यंत. लोक केक घेऊन बोलवायला यायचे. आजपर्यंत कुणाला शॉक बसलेला नाही. तळमजल्याच्या म्हातारीला बसला होता, पण तिला सगळ्याचाच बसायचा.

मी ऐकून घेतलं आणि मग काय करावं लागेल ते सांगितलं. या मशीनला स्वतःची लाइन हवी. तांब्याची, तीन वायरींची, बाहेर जिन्यातल्या मीटरच्या पेटीपासून, कारण इमारतीची खरी अर्थिंग फक्त तिथे आहे. त्या लाइनीवर दुसरं काही नाही, भट्टी तर नाहीच. वीज कुठे गळू लागली की पापणी लवायच्या आत तोडणारा ब्रेकर. सॉकेट मशीनच्या मागे नाही, नळाजवळ नाही; छातीच्या उंचीवर, झाकणाचं, कारण हिवाळ्यात बाल्कनीच्या काचांना घाम येतो. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. आणि पाण्याच्या नळीला गोधडी, जानेवारीत गोठू नये म्हणून.

"एवढे लाड सेव्दाचेही झाले नव्हते," काका म्हणाले.

पण नाही म्हणाले नाहीत. तिकीट एकच होतं.

मी छताखालून नव्या वायरीची पट्टी ठोकायला घेतली. काका बसेनात. त्यांनी न्हाणीघराची फरशी पुसली, मग वॉकर नसताना वॉकर धरल्यासारखे हात पुढे करून आत जाऊन पाहिलं, बाहेर आले, पुन्हा गेले. मी शिडीवर चढलो की शिडी धरायचे आणि धरून झाल्यावर विसरून निघून जायचे. दर थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघायचे, जणू योन्का आजच येईल आणि घर तयार नाही म्हणून परत फिरेल. जुन्या लाइनीला मी हात लावणार नव्हतो; ती पुढच्या आठवड्यात बघू असं ठरलं होतं. काकांनी तेवढ्यात काय केलं, तर माझी पाठ वळताच जुन्या सॉकेटात भट्टी लावली. पडताना योन्काच्या हातात असलेली मिरच्यांची पेटी कुणीतरी घरी आणून दिली होती. ती आल्यावर पहिल्यांदा मिरच्यांबद्दल विचारणार, असं त्यांचं म्हणणं.

मध्येच सेव्दाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन असा धरला की तिला फक्त वरचं दिसावं.

"बाबा, छत नको दाखवूस. छत माहितीये मला."

तिच्या मागे चादरींचा डोंगर होता आणि बोलता बोलता ती घड्या घालत होती. तिनं फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि सरळ विचारलं, आई तिथे राहू शकेल का. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत शकेल. ती म्हणाली, मग संध्याकाळी विचारते.

संध्याकाळ व्हायच्या आत माझं काम झालं. नवा ब्रेकर बसला. मी त्याचं चाचणीचं बटण दाबलं, तो खट्‌ आवाज करून पडला आणि काका दचकून मागे सरले. सहाशे व्होल्टचा माणूस. मशीनचा प्लग लागला, अर्थिंग मोजली, बरोबर आली. मी पिशवी भरायला घेतली तेव्हा काका म्हणाले, चल, योन्काची खोली दाखवतो.

खोलीत एक पलंग होता, नुकताच जागेवरून हलवलेला. फरशीवर त्याच्या पायांचे जुने डाग दुसरीकडे राहिले होते. इस्त्री केलेली चादर, दोन उशा, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि हाताला येईल अशी एक छोटी घंटी. उशाकडची बाजू फुलाफुलांचा कागद लावलेल्या भिंतीला टेकवलेली होती.

"हात लाव भिंतीला," काका म्हणाले.

मी लावला. भिंत उबदार होती.

"हीटिंगच्या गरम पाण्याचा पाइप जातो आतून. म्हणून पलंग इकडे घेतला. हाड मोडलेल्या माणसाला ऊब पाहिजे, डॉक्टरच म्हणाला." ते खुशीत आले होते. दिवसभरात पहिल्यांदाच. "योन्का दही लावते ना, ते इथे. बरणी भिंतीला टेकवून ठेवायची. संध्याकाळपर्यंत सुरीनं कापावं असं लागतं. बायका विचारतात, विरजण कुठलं. विरजण कसलं! भिंत आहे."

"रोज लागतं असं?"

"रोज कसं? धुण्याच्या दिवशी. धुण्याच्या दिवशी तर असं लागतं की विचारू नकोस. एरवी बरणीला घोंगडीत गुंडाळावं..."

काका थांबले.

सप्टेंबर होता. आमच्याकडे हीटिंग नोव्हेंबरात सुरू होतं, तेही लोक घरात टोप्या घालायला लागल्यावर.

बाल्कनीतून मिरची करपल्याचा वास येत होता. काकांनी हात भिंतीवरून काढला नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि फुलांकडे बघत राहिलो. काही फुलं इतरांपेक्षा तपकिरी होती.

"भट्टी बंद कर," ते हळूच म्हणाले.

मी जाऊन बंद केली. परत आलो तेव्हा ते तसेच उभे होते. मीही शेजारी हात टेकवला. आम्ही दोघं त्या भिंतीपाशी, तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बसावं तसे, कितीतरी वेळ.

"उतरतंय," काका म्हणाले.

पलंग ओढून बाजूला केला आणि मी कागद फाडला. आत वायरींच्या जोडाची पेटी नव्हती. काँक्रीटमध्ये एक भोक होतं आणि त्यावर बरणीचं झाकण बसवलेलं होतं, जर्दाळूच्या मुरंब्याचं. झाकणाखाली जोड होता. इथून एक वायर न्हाणीघराकडे, दुसरी बाल्कनीकडे जायची. मशीन चालू असो की भट्टी, सगळी वीज याच गाठीतून. भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची, पुढची तांब्याची, आणि दोन्ही एकमेकींना हातानं पिळून बांधलेल्या. या दोन धातूंचं पटत नाही. पिळून बांधले की वर्षानुवर्षं एकमेकांना खातात, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. वरची कापडी पट्टी मी बोटानं उचलली तर तिचा भुगा झाला.

मी मेन बंद करून आलो. काका पलंगाच्या काठावर बसले होते. ते झाकण त्यांच्या हातात होतं.

त्यांनी सांगितलं, की पहिलं मशीन आलं तेव्हा ॲल्युमिनियम कमी पडलं होतं. डेपोत तांब्याचा तुकडा पडलेला होता. डेपोतले लोक म्हणाले होते की असं जोडू नको, मध्ये पितळी कनेक्टर घाल. तेव्हा ते विचारात पडले होते, पण मग वाटलं, घट्ट पिळलं की झालं. योन्का तेव्हा हातानं चादरी धुवायची आणि तिची बोटं फुटायची, त्यामुळे घाई होती.

"पेटलं असतं?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. इतकी वर्षं नाही पेटलं."

"इतकी वर्षं इथे उशी नव्हती."

 

तेवढ्यात फोन वाजला. सेव्दा. संध्याकाळ झाली होती. काकांनी माझ्याकडे बघितलं. मला काय सांगायचं ते सुचत होतं, आणि ते खोटंही नव्हतं: नवी लाइन झाली, मोजली, उत्तम आहे. विचारलं तेवढंच उत्तर. भिंतीबद्दल तिनं विचारलंच नव्हतं. भिंत मी अर्ध्या तासात कायमची बंद करणार होतो, वर प्लास्टर, वर कागद, आणि उद्या दुपारी योन्का घरी. मी फोनसाठी हात पुढे केला.

काकांनी फोन दिला नाही. ते उठले, भोकापाशी गेले आणि कॅमेरा सरळ त्यात धरला.

"सेव्दा, हे बघ. दिसतंय का? काळं झालंय ते. हे मी केलेलं आहे. तुझ्या आईची उशी इथे ठेवली होती."

 पलीकडे चादरींच्या घड्या थांबल्या.

"बाबा, हे मला का दाखवतोयस?"

"तू विचारलं होतंस, राहू शकेल का."

मग तिनं मला मागितलं. मी सांगितलं, की ही जुनी लाइन मी आत्ता पेटीतच तोडतो, आज रात्रीपासून या भिंतीत वीज नसेल. नवीन वेगळी आहे, तिची हमी मी देतो. ती म्हणाली, ठीक आहे. कशाला ठीक आहे ते म्हणाली नाही आणि फोन ठेवला. काकांनी परत फोन करून विचारलं नाही.

मी लाइन तोडून येईपर्यंत काका घरात नव्हते. टेस्टर आणि पेचकस घेऊन ते जिन्यात गेले होते. दारोदार जाऊन सांगत होते, की तुमच्या घरात मी सॉकेट बसवलेत, ते बरोबर नाहीत, उघडून बघायचेत, जोड कुठे आहेत ते मला माहितीये. वरच्या मजल्यांवरून आवाज येत होते. कुणी हसत होतं. कुणी म्हणत होतं, अहो मिन्को, तुमचं काम म्हणजे पोलाद, वेड लागलं का. पाचव्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, की मिरच्या संपेपर्यंत वीज बंद करणं शक्य नाही, नंतर बघू. सहाव्यावरच्यांच्या मिरच्या संपल्या होत्या, पण आता टोमॅटो होते. कूनामावशी तेवढी म्हणाली, ही मिरच्यांची पेटी झाली की ये, नाही आलास तर कान धरून आणीन.

ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत बरण्या होत्या.

"मी सांगतोय माझं काम चुकलं," ते म्हणाले, "आणि लोक मला बरण्या देतात."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला प्लास्टर करायला गेलो. दार आज उघडत होतं. काकांनी दाढी केली होती, जिना झाडला होता, तळमजल्यापर्यंत. सेव्दाचा फोन आला नव्हता. इस्पितळात विचारलं तर म्हणाले, गाडी निघाली. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. कुठे न्यायचं ते मुलीनं गाडीवाल्याला कळवलंय, म्हणाले. आमचं विमान नदीपलीकडच्या बुखारेस्टहून सुटतं. नदीवरचा पूल ओलांडला की झालं. इस्पितळातून निघालेली गाडी चौकात डावीकडे वळली तर आमच्याकडे येते आणि सरळ गेली तर पुलाकडे. काका ट्रॉलीबसच्या काचेला नाक लावून चौकाकडे बघत होते. त्या चौकात त्यांनी जन्मभर वळणं घेतली होती. एक पांढरी गाडी सरळ गेली.  दुसरी आली, थांबली, आणि डावीकडे वळली. ती ब्रेडची होती.

तिसरी आमच्या दारात थांबली.

दोघांनी योन्काला खुर्चीतून वर आणलं. लिफ्ट चालू होती, सगळ्यांनाच नवल वाटलं. दारात तिनं खुर्ची थांबवली, वॉकर मागून घेतला आणि उभी राहिली. लहानखुरी बाई, डोळे तीक्ष्ण, इस्पितळाचा निळा गाऊन अजून अंगावर.

"दाढी केलीस," ती काकांना म्हणाली. "कोण मेलं?"

काकांनी नुसतं डोकं हलवलं.

"पोरीनं सगळं सांगितलंय. दाखव भिंत."

ती वॉकर टेकत खोलीत गेली. पलंग आता खिडकीखाली होता. तिनं ओल्या प्लास्टरच्या गोलाकडे बघितलं, मग काकांकडे, मग पुन्हा गोलाकडे. मला वाटलं आता काहीतरी येणार. ती म्हणाली, म्हणजे एवढी वर्षं बायका मला विरजण मागायच्या आणि मी देत होते. मग तिनं सांगितलं, की तिकीट सेव्दानं रद्द केलेलं नाही, तारीख पुढे ढकललीय. काकांनी विचारलं, कधीची.

"बघू," योन्का म्हणाली. "मला आधी आंघोळ करू दे."

वॉकर न्हाणीघराच्या दारातून सरळ आत गेला, दोन्ही बाजूंना बोट बोट सोडून. आत जाऊन ती थांबली आणि चारी बाजूंना बघितलं. त्या न्हाणीघरात ती पहिल्यांदाच सरळ उभी होती. काका पाठोपाठ जाऊन उंबऱ्याशी उभे राहिले, टॉवेल घेऊन.

"तू बाहेर," ती म्हणाली.

"कडी लावू नकोस. मी इथेच आहे."

दार लागलं. थोड्या वेळानं कडी लागली. आणखी थोड्या वेळानं कडी निघाली, दार चार बोटं उघडलं आणि एका हातानं निळा गाऊन बाहेर दिला.

"हा धुऊन टाक. वास जात नाहीये त्याचा."

कडी पुन्हा लागली.

काका गाऊन घेऊन बाल्कनीत आले आणि मशीनसमोर उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं. या मशीनला आणि त्याच्या आधीच्याला त्यांनी वीज दिली होती, नळ्या दिल्या होत्या, पट्टा बदलला होता. कपडे घालून ते सुरू कधीच केलं नव्हतं. मला विचारून उपयोग नव्हता, मला मशीनची फक्त मागची बाजू कळते. त्यांनी बोळात जाऊन बंद दाराला विचारलं. पावडर मधल्या खणात, दार म्हणालं, चाक डावीकडे, दोन खटके, तिसरा नको, तिसऱ्यानं आटतं. कळलं का? काका म्हणाले, कळलं.

दोन खटके. मशीननं पाणी घेतलं. काकांनी स्टूल ओढून घेतलं, नळाखाली उजवा हात धरला, चांगला ओला केला आणि तळवा मशीनच्या पत्र्यावर टेकवला.

मी म्हणालो, काका, ब्रेकर आहे, अर्थिंग आहे, मी दोनदा मोजलंय. हात लावून बसायची गरज नाही.

"असू दे," ते म्हणाले.

मी खोलीत जाऊन प्लास्टरचा दुसरा हात मारला, कडा साफ केल्या, फरशी पुसली. परत आलो तेव्हाही ते तसेच होते. हात वाळला की नळाखाली धरायचे आणि पुन्हा टेकवायचे. गोल काचेमागे एकटा निळा गाऊन फिरत होता. न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. मग मशीन पिळायला लागलं. बाल्कनीच्या सगळ्या काचा खडखडल्या आणि काकांचा हात खांद्यापर्यंत थरथरू लागला. त्यांनी तो उचलला नाही.